कात्रण आणि पान

(बुलढाणा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



'प्रादेशिक इतिहासाची साधनं' असा विषय मला दिला आहे. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस साधारणपणे शिलालेख, ताम्रपट, मोडी कागद इथून सुरुवात करतो. सिंदखेडराजा आणि लोणार ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे तर ते फारच सोपं. मी मात्र आज रद्दीपासून सुरुवात करणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच भागातल्या एका तालुक्याच्या गावी, गावाचं नाव घेत नाही, वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली विकायला निघाल्यात असं कानावर आलं. जागा नव्हती, छत गळत होतं, नव्या पुस्तकांना कपाट पाहिजे होतं. ठरावही रीतसर झालेला. मी पोचलो तेव्हा हातगाडी अर्धी भरली होती. गाडीवाला मला म्हणाला, "काहून हात घालता सायेब, कसर लागली याले." भाव अर्थातच किलोवर. मी चार खंड सोडवून आणले.

घरी आल्यावर १९७३ चा खंड उघडला. पानं उलटता उलटता थांबलो, कारण पानाला खिडकी होती. अगदी चौकोनी, ब्लेडने नीट कापलेली. दोन पानं सोडून आणखी एक. मग पुन्हा एक. सगळ्या खिडक्या साधारण एकाच जागी. कुणीतरी रसिक माणसाने वर्षभराची व्यंगचित्रं कापून नेली होती. खिडकीच्या भोवती काय उरलं होतं? दुष्काळी कामावरची मजुरी थकल्याची बातमी, मिलो ज्वारीच्या वाटपाबद्दलची तक्रार, कापूस एकाधिकार खरेदी केंद्रावर लागलेल्या बैलगाड्यांची रांग. मधोमध भोक.

त्या कापणाऱ्याचा मला आधी राग आला. मग वाटलं, हा माणूस तर आपल्यातलाच. त्याला ती चित्रं आवडली म्हणून त्याने ती जपली. कुठेतरी एखाद्या वहीत ती आजही चिकटवलेली असतील. चित्र वहीत आहे आणि पान माझ्याकडे आहे, पण दोन्ही अर्धीच. वहीतलं चित्र कशावर हसतंय ते कळणार नाही, आणि माझ्या पानावरची माणसं त्या दिवशी कशाला हसली ते कळणार नाही.

आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. कात्रण जपणं म्हणजे व्यंगचित्रकार जपणं. पान जपणं म्हणजे गाव जपणं. आपण आजवर बहुतेक कात्रणंच जपली.

व्यंगचित्र हा कसला पुरावा?

आता कुणी म्हणेल, व्यंगचित्र हा काय इतिहासाचा पुरावा झाला? त्यात तर सगळंच वाकडं. नाक लांब, पोट मोठं, खुर्ची माणसापेक्षा उंच. हरकत बरोबर आहे. व्यंगचित्रात घडलेली घटना शोधायला गेलात तर फसाल. त्यात शोधायचं असतं ते असं, की त्या दिवशी वाचकाला न सांगता काय ठाऊक होतं. व्यंगचित्रकाराला खुलासा करायला जागा नसते. दोन रेषा आणि एक ओळ. म्हणजे उरलेलं सगळं वाचकाच्या डोक्यात आधीपासून असलं पाहिजे. कोणता पुढारी कुणावर रुसलाय, कोणत्या रस्त्याचं भूमिपूजन कितव्यांदा झालं, तुरीचा भाव काय चाललाय. अग्रलेख वाचकाला माहिती पुरवतो, व्यंगचित्र वाचकाकडून माहिती उसनी घेतं. म्हणून पन्नास वर्षांनी अग्रलेख कळतो आणि व्यंगचित्र कळत नाही. ते न कळणं हीच त्याची किंमत आहे, कारण जे आपल्याला कळत नाही ते तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पण ही किंमत वसूल करायची तर शेजारची बातमी लागते, बाजारभाव लागतो, जिल्ह्याचं दप्तर लागतं. आणि इथेच आपल्या जिल्ह्याची अडचण सुरू होते.

एका जिल्ह्याची कागदपत्रं किती गावांत?

बुलढाण्याची कागदपत्रं कुठे आहेत, असं विचारलं तर एका वाक्यात उत्तर देता येत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा आणि देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटची. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनीबद्दलचा वरिष्ठ पातळीवरचा पत्रव्यवहार हैदराबादेशी झालेला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, की कागद नागपूरकडे निघाले. १९०५ मध्ये खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला दिले. म्हणजे खामगावच्या कापूस बाजाराचा त्याआधीचा इतिहास शोधायचा तर अकोल्याच्या नावाखाली शोधा. १९५० मध्ये राज्याचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. वऱ्हाडचा प्रश्न निजामाशी संबंधित, म्हणून तो हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे. ते कागद दिल्लीत. आणि त्यांची एक वाट लंडनला गेलेली.

मोजा. हैदराबाद, नागपूर, अकोला, मुंबई, दिल्ली, लंडन. पुण्याच्या माणसाला पेशवे दप्तर पायी जाऊन बघता येतं. बुलढाण्याच्या मुलीला आपल्या तालुक्यावर प्रबंध लिहायचा तर आधी मलकापूरला जाऊन गाडी पकडावी लागते, कारण जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. खामगाव–जालना रेल्वेची मागणी तर इंग्रजांच्या काळापासूनची आहे. या एका मागणीवर मराठी वर्तमानपत्रांत आजवर जेवढी व्यंगचित्रं आली असतील तेवढी तारखांसकट एकत्र केली, तर आपल्या जिल्ह्याचा शंभर वर्षांचा राजकीय इतिहास तयार होईल. हे मी गमतीने म्हणत नाहीये.

कागद सरकारी असले की आवाजही सरकारी असतो, ही दुसरी अडचण. १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर, १९१० चं बुलढाणा गॅझेटियर, आपण सगळे त्यांवर पोसलेलो. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पाऊस किती, पीक काय, जाती किती हे सांगणाऱ्या त्या पुस्तकांत हसू नाही. राज्यकर्त्याला जनता कशाला हसते याची नोंद गॅझेटियरमध्ये नसते.

ती नोंद सरकार दुसरीकडे मात्र ठेवत होतं. देशी वृत्तपत्रांत काय छापून येतं याचे साप्ताहिक अहवाल इंग्रजी अमदानीत तयार व्हायचे, निरनिराळ्या प्रांतांत. देशी भाषेतला मजकूर इंग्रजीत उतरवून साहेबासमोर ठेवायचा. त्यांत व्यंगचित्र आलं तर काय करणार? अनुवादक बिचारा ते शब्दांत उतरवायचा. अमुक माणूस गाढवावर बसलाय, मागून तमुक चाबूक मारतोय, अशा धर्तीचं. मूळ अंक गेले तिथे कधीकधी हे वर्णनच उरतं. ज्याच्यावर हसले त्याच्याच दप्तरात ते हसू सुरक्षित राहिलं. कुणाच्या दप्तरात काय सापडेल याचा नेम नसतो.

न काढलेलं व्यंगचित्र

वऱ्हाडबद्दलचा एक राजकीय विनोद सांगतो. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. पुढच्याच वर्षी निजामाला 'जी.सी.बी.' हा मोठा किताब मिळाला. लोक म्हणायला लागले, जी.सी.बी. म्हणजे 'गेव्ह कर्झन बेरार'. कर्झनला बेरार देऊन टाकला, त्याची ही पावती.

तीन अक्षरांत अख्खा करार. हे व्यंगचित्रच आहे, फक्त काढलेलं नाही. पण बघा, हा विनोद कुठल्या भाषेत आहे? इंग्रजीत. म्हणजे तो दरबाराच्या आणि क्लबच्या वर्तुळातला. ज्यांना त्या करारात दिलं-घेतलं गेलं, त्या मेहकरच्या, चिखलीच्या, मलकापूरच्या माणसांनी त्या वर्षी काय विनोद केला असेल? केला असणारच. वऱ्हाडी माणूस अशी संधी सोडत नाही. पण तो आपल्याकडे नाही. मुंबईला तेव्हा 'हिंदी पंच' निघत होता, त्यातल्या निवडक चित्रांचे संग्रहही निघत होते. म्हणून मुंबईचं हसू शिल्लक आहे. आपलं बाजारात बोललं गेलं आणि बाजार उठल्यावर संपलं.

असंच पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी झालं. त्या काळातली गाजलेली व्यंगचित्रं मुंबईची. १९६० च्या ऑगस्टमध्ये 'मार्मिक' सुरू झालं तेही मुंबईत. ती चित्रं बघून कुणी लिहायला बसला तर त्याला वाटेल, सगळा प्रश्न मुंबई कुणाची एवढाच होता. आपल्याकडे प्रश्न निराळा होता. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, बापूजी अणे ही माणसं त्या बाजूने उभी होती, आणि दुसऱ्या बाजूने १९५३ चा नागपूर करार झालेला होता. घराघरात वाद होते. मुंबईच्या व्यंगचित्रांत हे फारसं दिसत नाही, म्हणून ते घडलंच नाही असं थोडंच आहे?

नऊ आणे किमतीचं पुस्तक

वऱ्हाडचं हसू सगळंच हरवलं असंही नाही. एक वाचलं, आणि ते नेमकं बुलढाण्याचं आहे.

ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत एकूण स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. 'पुणे वैभव' त्यात पुढे. हे सगळं वाचून बुलढाण्यात बसलेल्या एका बाईने 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं. ५०० प्रती, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक आज स्त्रीवादी विचाराचा आद्य ग्रंथ म्हणून वाचलं जातं, ते बरोबरच आहे. पण मला ते व्यंगचित्रांचा संग्रह म्हणूनही वाचावंसं वाटतं. ताराबाई युक्तिवाद करता करता माणूस उभा करतात. शिकलेला, सुधारणेच्या गप्पा मारणारा, घरी वेगळा आणि सभेत वेगळा. नाक लांब, पोट मोठं. रेषा नाही, पण कुंचला तोच. बायकांवर जो जो दोष ठेवला जातो तो तो उचलायचा आणि पुरुषाच्या अंगावर मापून बघायचा, ही व्यंगचित्रकाराचीच रीत आहे. आणि आपल्या समीक्षेने ती पुरेशी ओळखली नाही. तिचा राग मोजला, तिचा विनोद मोजला नाही.

आता या पुस्तकाचं पुढे काय झालं ते बघा. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा प्रसिद्ध केलं. १८८२ ते १९७५, त्र्याण्णव वर्षं. ५०० प्रतींपैकी एखादी प्रत कुणी फेकली नाही, एवढ्या बारीक धाग्यावर तो ग्रंथ टिकला. आणि तो शोध बुलढाण्यात लागला नाही, हे आपण जरा मनाला लावून घ्यायला पाहिजे.

इथेही कात्रण आणि पान हाच मुद्दा येतो. ताराबाईंचं उत्तर आज पुस्तकाच्या दुकानात मिळतं. ज्या मजकुराला ते उत्तर होतं तो आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय? भांडणाची एकच बाजू ऐकून आपण टाळ्या वाजवतो.

या जिल्ह्यात कागद जपणारी माणसं नव्हती असंही नाही. बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये 'वऱ्हाडचा इतिहास' काढला. चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ मध्ये जोतीराव फुल्यांचं चरित्र लिहिलं, मराठीतलं पहिलं. फुले जाऊन तेव्हा ३७ वर्षं झाली होती, त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं हयात होती. ही वेळ त्यांनी साधली. दोघांचा पिंड वेगळा, भूमिका वेगळी. पण दोघांनाही वाटलं की हे काम पुण्या-मुंबईच्या भरवशावर सोडू नये. शंभर वर्षं होत आलीत.

भेगाळलेली जमीन

आता मी ज्यासाठी आलो त्या टीकेकडे येतो. व्यंगचित्रांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच बोलतो.

गेल्या पंचवीसएक वर्षांत विदर्भातल्या शेतकऱ्यावर असंख्य व्यंगचित्रं आली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत बुलढाणा होता. त्या आगेमागे तर रोज एक. डोळे मिटून सांगा, त्या चित्रात काय असतं? फाटकं धोतर, हाडं वर आलेला माणूस, झाडाला दोर, आणि खाली भेगा पडलेली जमीन. बरोबर?

आता तुमच्यातले कास्तकार मला सांगा, काळ्या जमिनीला भेगा कधी पडतात? (सभागृहातून: दरवर्षीच!) दरवर्षी. पूर्णेच्या खोऱ्यातली भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भेगाळते. चांगला पाऊस झालेल्या वर्षानंतरच्या एप्रिलातही भेगाळते. भेगा पडल्या म्हणून इथला शेतकरी घाबरत नाही. उन्हाळ्यात जमीन तापली नाही तर त्याला काळजी वाटते. म्हणजे व्यंगचित्रात जी खूण आपत्तीची म्हणून दाखवली जाते, ती इथे ऋतूची खूण आहे.

ही बारीकसारीक चूक नाही. भेगा काढल्या की दोष आभाळावर जातो. पाऊस पडला नाही, शेतकरी मेला. पण ज्या वर्षी पाऊस बरा होता आणि भाव पडला त्या वर्षाचं काय? ज्या वर्षी पीक बुडालं पण पैसेवारी ५० च्या वर लागली आणि सवलती गेल्या, त्या वर्षाचं काय? खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी आहे पण ते पिकाला चालत नाही, याचं चित्र कसं काढणार? एकाधिकार खरेदीत चुकाऱ्यासाठी थांबलेला माणूस, व्यापाऱ्याच्या वजनकाट्यासमोर उभा असलेला माणूस, याचं चित्र काढायला खामगावचा मार्केट यार्ड बघावा लागतो. भेगा काढायला काहीच बघावं लागत नाही.

म्हणजे त्या व्यंगचित्रांनी काय जपलं? माझं मत असं, की त्यांनी बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा इतिहास जपला नाही. शहर बुलढाण्याच्या शेतकऱ्याकडे कसं बघत होतं, याचा इतिहास जपला. तोही मोलाचा आहे. पण उद्या कुणी शाळेच्या पुस्तकात किंवा जिल्ह्याच्या स्मरणिकेत तेच चित्र 'विदर्भातील दुष्काळ' असं खाली लिहून छापलं, तर तो खोटा पुरावा ठरेल. हे टाळायचा उपाय एकच. चित्र ज्या दिवशी आलं त्या दिवसाचं पान शेजारी ठेवा. त्या वर्षीचा तहसीलचा पर्जन्यमानाचा आकडा ठेवा, पैसेवारी ठेवा, बाजार समितीचा भाव ठेवा. मग बघा चित्र किती खरं बोलतंय. कधीकधी ते आकड्यांपेक्षा खरं बोलतं, तेही दिसेल.

संग्रह कसा नसावा, कसा असावा

तुमच्या घरी एखादा व्यंगचित्रसंग्रह असेल तर आज रात्री काढून बघा. बऱ्याच संग्रहांत चित्राखाली तारीख नसते. चित्रं छान, कागद छान, प्रस्तावनेत थोरामोठ्यांच्या आठवणी. पण हे चित्र कधी आलं, कोणत्या प्रसंगावर आलं, काही नाही. अशाने राजकीय व्यंगचित्राचं सुविचारात रूपांतर होतं. 'पुढारी लबाड असतात.' अहो, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. कोणता पुढारी, कोणत्या मंगळवारी, कुठली लबाडी, हे सांगा ना.

प्रसंग सुटला की काय होतं ते आपण २०१२ मध्ये पाहिलं. शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र. राज्यघटनेचं काम गोगलगाईच्या गतीने चाललंय, गोगलगाईवर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. अकरावीच्या पाठ्यपुस्तकात ते होतं. संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव या सल्लागारांनी राजीनामे दिले, पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. एक बाजू म्हणत होती, हा अपमान आहे. दुसरी म्हणत होती, विनोद कळत नाही. मला दोघांनाही विचारावंसं वाटत होतं, की तेव्हाची वर्तमानपत्रं बाबासाहेबांना एरवी कसं काढत होती, हे तुम्ही पाहिलंय का? एका चित्रावरून हा वाद सुटणार नव्हता.

ते काम पुढे उन्नमती श्यामसुंदर यांनी केलं. 'नो लाफिंग मॅटर', २०१९. बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रं शोधून, प्रत्येकाशेजारी त्या वेळचा प्रसंग मांडून दाखवली. एकेक चित्र सुटं बघितलं तर थट्टा वाटते. ओळीने बघितली की सवय दिसते. माणूस लहान काढायचा, कधी बाई म्हणून काढायचा. ही सवय दाखवणं एका कात्रणाला जमत नाही, संग्रहालाच जमतं. पुस्तकाची मर्यादाही सांगतो: त्यातली चित्रं मुख्यतः इंग्रजी वर्तमानपत्रांतली आहेत. मग मराठी वर्तमानपत्रांनी बाबासाहेबांना कसं काढलं? तो संग्रह करणं आपलं काम आहे, आणि त्याला लागणाऱ्या फायली आपण किलोवर विकतोय.

तमिळमध्ये सुब्रह्मण्य भारतींच्या 'इंडिया' साप्ताहिकातली १९०६ पासूनची व्यंगचित्रं ए. आर. वेंकटाचलपती यांनी १९९४ मध्ये ग्रंथरूपात आणली. एका माणसाने चिकाटी धरली आणि ते झालं. म्हणजे हे अशक्य काम नाही.

काय करता येईल

मोठी इमारत, मोठा निधी, जिल्हा अभिलेखागार, हे सगळं व्हावं. होईल तेव्हा होईल. तोवर मी तीन साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. पान कापू नका. कापायचंच असेल तर आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, पुढून आणि मागून. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक आणि आवृत्ती लिहा. आवृत्ती फार महत्त्वाची. मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात बहुधा त्या शहराची आवृत्ती बांधली जाते. बुलढाण्याचं पान बुलढाण्यातच येतं आणि बुलढाण्यातच रद्दीत जातं. ते आपण ठेवलं नाही तर जगात कुणीच ठेवत नाही.

दुसरी. म्हाताऱ्या माणसांना चित्रं दाखवा. राष्ट्रीय पुढारी पन्नास वर्षांनीही ओळखू येतो, स्थानिक माणूस वीस वर्षांत ओळखू येत नाही. हा टोपीवाला कोण, हा सायकलवर का दाखवलाय, हे सांगणारी माणसं आज आहेत. त्यांनी सांगितलेलं चित्राच्या खाली त्यांच्या परवानगीने लिहून ठेवा. पंढरीनाथ पाटलांनी जी वेळ साधली ती हीच.

तिसरी गोष्ट मोबाइलवरची. आज व्यंगचित्र कागदावर कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त फिरतं. सही कापलेली, तारीख नाही, कधी मजकूरच बदललेला. १९७३ च्या त्या माणसाने निदान नीट चौकोनी कापलं होतं. आपण सगळे आता दिवसातून दहा वेळा ब्लेड चालवतो आणि भोक कुठे पडलं तेही मागे राहत नाही.

वेळ होत आलीय. सुरुवातीला एका मुलीने चिठ्ठी पाठवली होती: 'सर, घरात आजोबांची कात्रणांची वही आहे, ती कुठे द्यायची?' बाळा, लगेच कुठेच देऊ नकोस. आधी आजोबांच्या शेजारी बस. प्रत्येक कात्रणाला विचार, हे कधीचं, कुठलं, आणि तुम्ही हे का कापलंत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच दप्तरात मिळत नाही, ते आजोबांकडेच आहे. ते लिहून झालं की वहीचे फोटो काढ आणि मला दाखव.

आणि त्या वहीत १९७३ ची चौकोनी कात्रणं असली, तर जरा लवकर दाखव. माझ्याकडे त्यांची पानं आहेत.